धागा: एकोणिसाव्या शतकाआधीचे डच खलाशी आणि व्यापारी पूर्वज कागदांत कसे शोधावेत?

मृद्गंध

नमस्कार मंडळी,

माझं सासर मूळचं एन्कहाउझनचं. नेदरलँड्सच्या उत्तरेकडचं जुनं बंदर. १९३२ साली मोठा बांध घालून समुद्र अडवला, तेव्हापासून गावासमोर गोड्या पाण्याचं तळं आहे. पण सतराव्या-अठराव्या शतकात इथून थेट बाटाव्हिया, म्हणजे आजच्या जकार्ताला जहाजं जायची.

सासूबाईंकडे पितळी कड्यांचं जाडजूड डच बायबल आहे. त्याच्या सुरुवातीच्या कोऱ्या पानांवर १७४० च्या दशकापासून घरातले जन्म, बाप्तिस्मे आणि मृत्यू लिहिलेले आहेत. दर पिढीला अक्षर बदलतं. शिवाय नवऱ्याच्या एका चुलत आजोबांनी टंकलेखन यंत्रावर वंशावळ तयार करून ठेवली आहे. तिच्यात सगळ्यात वरच्या माणसापुढे लिहिलंय: 'डच ईस्ट इंडिया कंपनीचे कप्तान व व्यापारी'. पुरावा काहीच दिलेला नाही.

माझ्या माहेरचा कुलवृत्तांत छापील आहे. मुलांना ती बाजू पुस्तक उघडलं की मिळते. वडिलांकडची बाजूही तितकीच नीट मिळावी, म्हणून हा खटाटोप. १८११ पर्यंत मी आरामात पोचले. त्याच्या मागे मात्र भिंत लागते, कारण आडनावच नाही. 'यान, पीटरचा मुलगा', त्याचा मुलगा 'पीटर, यानचा मुलगा', परत यान. एकाच गावात असे यान-पीटर ढिगाने.

माझं मत असं की घरातली कथा कितीही गोड असली तरी कागद पाहिल्याशिवाय ती मुलांच्या हातात देऊ नये. तर १८११ च्या मागे कसं जायचं? कप्तानपद खरं की खोटं हे कुठे कळेल? आणि ते अक्षर वाचायचं कसं?

तांबडीमाती

वाखूसा (वाचनखूण साठवली). माहेर-सासर दोन्हीकडचं सारख्याच आस्थेने शोधताय, हे फार आवडलं.

डेल्फ्टचा_वाटसरू

मृद्गंधताई, इथे बरीच वर्षं राहतोय आणि हा छंद मलाही आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१८११ ला भिंत लागते, कारण नेपोलियनच्या राजवटीत त्या वर्षी देशाच्या बहुतेक भागांत सरकारी जन्म-लग्न-मृत्यू नोंदणी सुरू झाली आणि आडनाव ठरवून नोंदवणं सक्तीचं झालं. त्याआधीचं सगळं चर्चच्या वह्यांत: बाप्तिस्मे, लग्नं, दफनं. तुमच्या भागातल्या वह्या होर्नच्या वेस्टफ्रीस अर्काइव्हमध्ये आहेत. बऱ्याचशा चित्ररूपात ऑनलाइनही आहेत.

बापाचं नाव मधे लावायची पद्धत आपल्याला कोणी शिकवायला नको. 'यान पीटरसझोन' वाचून माझे जर्मन सहकारी गोंधळतात, आपल्याला ते घरचं वाटतं. आणखी दोन गोष्टींचा उपयोग करून घ्या. पहिला मुलगा झाला की बहुतेक वेळा एका आजोबांचं नाव, दुसऱ्याला दुसऱ्या आजोबांचं. मुलींची नावं आज्यांवरून. त्यामुळे भावंडांची नावं क्रमाने मांडली की दोन्हीकडचे आजी-आजोबा कोण असावेत याचा अंदाज बांधता येतो. दुसरं, बाप्तिस्म्याचे साक्षीदार बघा. ते बहुधा मावशी, काका, आज्या असतात. यान पीटरसझोन गावात वीस असतील, पण त्याच बायकोचा नि त्याच साक्षीदारांचा यान एकच.

सगळ्यात मोठा आधार म्हणजे लग्नानंतरही बाईचं नाव बदलत नाही. बाप्तिस्मा, लग्न, नोटरी, दफन, बहुतेक ठिकाणी ती स्वतःच्या आणि बापाच्या नावानेच उभी असते. नवऱ्याचा माग तुटला की बायकोचा धरायचा.

चहाबाज

म्हणजे तिथेही घरात तीन दत्तात्रय नि दोन गणपत! हाक मारली की कितीजण ओ देत असतील.

डेल्फ्टचा_वाटसरू

@चहाबाज, त्यात भर म्हणजे मूल दगावलं तर पुढच्या मुलाला तेच नाव द्यायचे. यादीत दोन वर्षांच्या अंतराने दोन पीटर दिसले तर आधी दफनाची वही उघडायची.

मोडीवाचक

अक्षराबद्दल लिहितो. डच मी वाचत नाही, पण मोडी वाचायला शिकवतो, आणि जुन्या हस्ताक्षराचा कुठलाही अभ्यास त्याच वाटेने जातो. शब्द सोडवत बसू नका. आधी मायना पाठ करा. नोटरीचा दस्त ठरावीक वाक्यांनी सुरू होतो आणि ठरावीक वाक्यांनी संपतो. ती वाक्यं माहीत असली की लिहिणाऱ्याचा 'र' कसा, 'ह' कसा, हे तिथेच कळतं आणि मधला मजकूर सुटायला लागतो. एकाच कारकुनाची पानं सलग वाचा. पाचव्या पानावर जे दिसतं ते पहिल्यावर दिसत नाही.

डेल्फ्टचा_वाटसरू

+१ मोडीवाचक. त्याच्या जोडीला ट्रान्सक्रिबस नावाची प्रणाली आहे. हस्तलिखिताचं चित्र दिलं की संगणक वाचून मजकूर देतो. ॲमस्टरडॅमच्या नोटरी दप्तराची लाखो पानं अशी वाचून शोधण्याजोगी केली आहेत. १५७८ ते १९१५ चं दप्तर, फळ्या एकापुढे एक लावल्या तर साडेतीन किलोमीटर. यंत्र नावांत चुकतं, म्हणून मूळ पान डोळ्यांनी बघायचंच.

आता कप्तानाचं. कंपनीच्या प्रत्येक जहाजाची पगारवही असायची. बहुतांश अठराव्या शतकातल्या अशा वह्या द हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, आणि त्यांतून तयार केलेल्या सूचीत साडेसात लाखांहून अधिक नोंदी आहेत. फुकट शोधता येते. नाव, मूळ गाव, हुद्दा, जहाज, कंपनीची कुठली शाखा, नोकरी कधी नि कशी संपली, सगळं मिळतं. वय मात्र मिळत नाही. सहा शाखांपैकी एक एन्कहाउझनलाच होती, त्यामुळे तुमचा माणूस तिथे असण्याची शक्यता चांगली आहे.

'व्यापारी' या शब्दाकडे जपून बघा. कंपनीत तो हुद्दा होता. सहायक, कनिष्ठ व्यापारी, व्यापारी, वरिष्ठ व्यापारी अशी चढती पायरी. हे सगळे पगारी नोकर. गावात स्वतःच्या पैशाने धंदा करणारा व्यापारी वेगळा, आणि त्याचे कागदही वेगळ्या कपाटात.

संकासूर

थोडा वेगळा सूर लावतो. वीस यानांतून एक यान निवडणं म्हणजे शेवटी अंदाजच ना? थुंकी पाठवून डीएनए चाचणी करा, विषय संपला. आणि वर 'कप्तान' सापडला काय नि खलाशी सापडला काय, मुलांच्या आयुष्यात फरक काय?

मृद्गंध

@संकासूर, चाचणीने दूरचे नातलग सापडतील, पण अडीचशे वर्षांपूर्वीच्या माणसाचं नाव, घर आणि काम नाही सापडणार. त्यासाठी कागदच लागतात. आणि फरक पडतोच. माझ्या मुलीने शाळेत 'आमचे पूर्वज कप्तान होते' असं सांगितलंय. ते तसं नसेल तर खरं काय होतं ते तिला कळायला हवं.

कोपनहेगनकर

उशिरा आलो, पण व्यापारी जहाजवाल्यांसाठी एक खजिना सांगितल्याशिवाय राहवत नाही.

सगळे डच काही पूर्वेकडे गेले नाहीत. त्याहून किती तरी जास्त जहाजं दरसाल बाल्टिक समुद्रात जायची. धान्य, लाकूड, डांबर आणायचं, मीठ आणि हेरिंग मासे न्यायचे. बाल्टिकच्या तोंडाशी, हेल्सिंगोरला, डेन्मार्कचा राजा येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांकडून जकात घ्यायचा. त्या जकातीच्या वह्या १४९७ पासून १८५७ पर्यंतच्या आहेत, मधली काही सुरुवातीची वर्षं सोडून. १८५७ मध्ये जकातच बंद झाली. मूळ वह्या इथे कोपनहेगनला आहेत, आणि ग्रोनिंगन विद्यापीठ व लेउवार्डनच्या ट्रेसोआर या संस्थेने मिळून त्यांची सूची ऑनलाइन केली आहे. सुमारे अठरा लाख फेऱ्या. तांडेलाचं नाव, त्याचं गाव, कुठून निघाला, काय माल, किती जकात. एकच माणूस वसंतात रिकाम्या पोटाने आत जाताना आणि उन्हाळ्यात राय धान्य भरून बाहेर येताना दिसतो, वर्षानुवर्षं. मग एका वर्षी तो दिसत नाही, आणि त्याच गावचा, त्याचंच नाव बापाच्या जागी लावणारा दुसरा कोणी दिसायला लागतो. हे ओळीओळीने वाचताना अंगावर काटा येतो.

तारखांची एक खाच सांगून ठेवतो. हॉलंड प्रांताने नवं कॅलेंडर १५८३ च्या सुरुवातीला घेतलं, पण फ्रीसलंड-ग्रोनिंगनने आणि डेन्मार्कने १७०० च्या आसपास. त्यामुळे सतराव्या शतकात जहाज पोचल्याची तारीख निघाल्याच्या तारखेआधीची दिसली तर घाबरू नका, दहा दिवस मिळवा-वजा करा.

डेन्मार्कमध्ये १८१४ पासून चर्चवहीच्या दोन प्रती ठेवायचा नियम झाला, आणि त्या दोन्ही एका छपराखाली ठेवायच्या नाहीत हेही ठरलं. आगीचा धडा. त्यामुळे इथलं एकोणिसावं शतक जवळजवळ अखंड मिळतं.

तंजावूरची_नात

@कोपनहेगनकर, डेन्मार्कचं नाव निघालं म्हणून. आमच्या तंजावूरजवळच्या तरंगंबाडीला डॅनिश वखार होती, १६२० ते १८४५. सरफोजी राजांचे गुरू श्वार्ट्झ हे जर्मन पाद्री त्याच डॅनिश मिशनमधून आलेले. मिशनची पत्रं जर्मनीत हाले इथे जपून ठेवली आहेत. तंजावूरच्या मराठी घराण्यांवर काम करणाऱ्यांनी हा युरोपातला कोपरा विसरू नये.

वेंगुर्लेकर

आमच्या गावात डच वखारीच्या भिंती अजून उभ्या आहेत. लहानपणी तिथे खेळायचो. १६३७ च्या सुमारास डच आले, तेव्हा ते दरसाल गोव्याच्या बंदराची नाकेबंदी करत, आणि त्यांच्या आरमाराला धान्य-पाण्यासाठी जवळचा किनारा हवा होता. मृद्गंधताई, तुमच्या मंडळींपैकी कोणी इथे येऊन गेलं असेल का?

डेल्फ्टचा_वाटसरू

@वेंगुर्लेकर, तुमच्या वखारीतून गेलेली पत्रं द हेगला आहेत. आशियातून दरसाल हॉलंडला जायच्या त्या कागदांची सुमारे पन्नास लाख पानं यंत्राने वाचून ऑनलाइन आणायचं काम ग्लोबलाइझ नावाच्या प्रकल्पात चालू आहे. डच कारकुनांनी ऐकू आलं तसं लिहिलंय, म्हणून वेंगुर्ल्याची चार-पाच वेगवेगळी रूपं टाकून शोधा. त्या पत्रांत तुमच्याकडचे देसाई, दलाल आणि शिवाजी महाराजांच्या हालचाली सापडतात. पण ताईंचं बायबल १७४० चं, आणि ही वखार सतराव्या शतकातच आटोपली. तेव्हा तो धागा जुळणं कठीण.

मांडवीकाठ

पोर्तुगीज बाजूला एवढं सुख नाही. लिस्बनला १७५५ च्या भूकंपात आणि आगीत कासा दा इंडियाचं, म्हणजे भारताच्या व्यापाराची सरकारी कचेरी होती तिचं, दप्तर गेलं. भारतात निघालेल्या जहाजांवरच्या माणसांच्या याद्या तिथेच होत्या. तोर्रे दो तोंबो या राजदप्तराचा मनोरा कोसळला, पण ढिगाऱ्यातून कागद काढले गेले. गोव्यातल्या चर्चवह्या मात्र बऱ्याच टिकल्यात. ज्यांचं काम असेल त्यांनी वेगळा धागा काढा, मी येईन.

झीलंडची_सून

माझं सासर मिडलबर्गचं. मृद्गंध, तुझ्याकडे वह्या आहेत याचा आनंद मान. १७ मे १९४० ला बाँब आणि आगीत मिडलबर्ग जळलं, त्यात झीलंड प्रांतातल्या कित्येक गावांच्या चर्चवह्या गेल्या. आमच्या घराचं अठरावं शतक नातलगांच्या मृत्युपत्रांतून आणि देण्या-घेण्याच्या दस्तांतून जोडावं लागतंय.

पण एक दप्तर वाचलं: मिडलबर्गच्या व्यापारी कंपनीचं. १७२० ला स्थापन झालेली कंपनी, तिच्या जहाजांच्या दिनचर्या, हिशेब, पगारवह्या, सगळं शाबूत. आणि त्यातच आमचा पूर्वज सापडला. जहाज आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेलं, तिथून माणसं विकत घेऊन अमेरिकेच्या बाजूला नेऊन विकली. या कंपनीने अशा एकशे तेरा फेऱ्या केल्या. आमचा माणूस जहाजावर सुतार होता. खालच्या कोठारात माणसांना झोपवायच्या फळ्या ठोकणं हे सुताराचं काम.

घरात दोन तट पडले. दिरांचं म्हणणं, हे झाडावर लिहू नये, तो गरीब कारागीर होता, हुकूम पाळत होता. माझं म्हणणं, लिहायचंच. जहाजाचं नाव, फेरीचं साल, त्याचं काम, आणि त्या फेरीत किती माणसं नेली हेही. हिशेबात तो आकडा आहे, आणि त्या माणसांची नावं मात्र कोणी लिहिलेली नाहीत.

संकासूर

झीलंडची_सून, हे वाचून थांबलो. मी वर 'फरक काय' म्हटलं होतं. या बाबतीत तरी तुमचं पटलं. लिहा.

तांबडीमाती

मला दिरांचं थोडं समजतं. वाचणाऱ्या मुलांना सुतार म्हणजे मालक वाटू नये. त्याचा पगार किती, नफा कोणाच्या खिशात गेला, हेही त्याच पानावर असावं.

झीलंडची_सून

@तांबडीमाती, पगार आहे. भागधारकांची नावंही आहेत. सगळंच लिहीन.

अक्षरवेल

थोडं अवांतर. बायका स्वतःच्या नावाने सापडतात हे वाचून आमचा कुलवृत्तांत काढून बसले. पणजोबांच्या चार बहिणींपैकी दोघींपुढे फक्त 'अमक्या गावी दिली'. एकीचं माहेरचं नावही नाही. पणजीचं माहेर कुठलं हे त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वहीत मिळालं, तिथे ती नवऱ्याबरोबर जाऊन आली म्हणून. आपल्याकडच्यांनीही हे काम आत्ताच करायला हवं, आज्या आहेत तोवर.

मोडीवाचक

@अक्षरवेल, अगदी खरं. क्षेत्रोपाध्यांच्या वह्या हे आपलं चर्चदप्तरच. त्यात सोबत आलेल्यांची नावं असतात, म्हणून ती मोलाची.

कोपनहेगनकर

एक राहिलंच. लंडनमधल्या क्यूच्या अभिलेखागारात इंग्रजांनी युद्धात पकडलेल्या जहाजांचे कागद आहेत, १६५२ ते १८१५ चे. जहाजावर टपालाच्या थैल्याही असायच्या. त्यातली सुमारे एक लाख साठ हजार पत्रं कधीच पोचली नाहीत, आणि त्यांत डच पत्रं हजारोंनी आहेत. बायकांनी नवऱ्यांना लिहिलेली, मुलांनी खाली रेघोट्या मारलेली. जर्मनीतल्या ओल्डेनबर्ग विद्यापीठाबरोबर ती ऑनलाइन आणायचं काम चालू आहे. गावाचं नाव टाकून बघा.

मृद्गंध

मंडळी, शोध बराच पुढे गेलाय. सगळं सांगते.

पगारसूचीत एन्कहाउझनचे त्याच नावाचे तिघे निघाले. तिघेही साधारण त्याच काळातले. कप्तान एकही नाही. एक पोऱ्या, एक खलाशी, एक तोफेवर काम करणारा अनुभवी खलाशी. कोण आपला ते सूचीवरून ठरेना, म्हणून मूळ पानांची चित्रं उघडली. प्रत्येक माणसाचं वेगळं पान, डावीकडे देणं, उजवीकडे येणं. तोफवाल्याच्या डाव्या पानावर घरी दिलेल्या पगाराच्या रकमा आहेत, आणि त्या घेणारी म्हणून बायकोचं नाव, तिच्या बापाच्या नावासकट. बायबलातलंच नाव. साक्षीदारांची नावंही बाप्तिस्म्याच्या वहीशी जुळली.

तिसऱ्या सफरीत तो आशियात वारला. पान तिथे बंद केलंय.

'व्यापारी' कुठून आलं तेही कळलं. डेल्फ्टच्या वाटसरूंनी सांगितल्याप्रमाणे बायकोचा माग धरला. नोटरीच्या दस्तात ती विधवा म्हणून आहे आणि हेरिंग पकडणाऱ्या एका गलबताचा बत्तिसावा हिस्सा विकत घेते आहे. पुढच्या दस्तात आणखी एक हिस्सा. मिठाच्या पोत्यांचा सौदा आहे. सही तिची स्वतःची, वळणदार. घरात व्यापार करणारी व्यक्ती ती होती. चुलत आजोबांनी दोघांचं मिळून एका पुरुषाच्या नावावर लिहिलं.

सासूबाईंनी वाचून टंकलेखित झाडावर पेन्सिलने तिचं नाव घातलं. लेकीला 'कप्तान नाही, तोफेवरचा खलाशी' सांगितलं, तर तिला तोफ जास्त आवडली.

चहाबाज

हा हा, लेक बरोबर आहे! आणि त्या बाईंना सलाम.

डेल्फ्टचा_वाटसरू

ताई, फार सुंदर काम. त्या डाव्या पानाचं थोडं सांगतो. खलाशाला वर्षाला तीन महिन्यांपर्यंतचा पगार घरच्यांना द्यायची चिठ्ठी करून ठेवता येई. साध्या खलाशाचा पगार महिना नऊ-दहा गिल्डर (तेव्हाचं डच चलन), तोफवाल्याचा त्याहून जरा वर, आणि कप्तानाचा साठाच्या पुढे. म्हणजे तुमच्या बाईंच्या हाती नवऱ्याकडून वर्षाला तीस-पस्तीस गिल्डर येत होते. त्याच पानावर दीडशे गिल्डरांचं कर्जपत्र आहे का बघा. निघण्याआधी खाणं-राहणं-पेटीचा खर्च देणाऱ्याला ते लिहून द्यायचे, आणि पगारातून ते आधी फिटायचं. ते असेल तर गलबताच्या हिश्शाचे पैसे नवऱ्याच्या पगारातून आलेले नसणार, तिच्या माहेरचे किंवा तिच्या स्वतःच्या कमाईचे असणार.

पुढे दोन ठिकाणी बघा. नवरा वारल्यावर उरलेला पगार घ्यायला वारसाला शाखेत पुरावा द्यावा लागे, त्याचं अधिकारपत्र बहुधा नोटरीकडे होतं. आणि मुलं अज्ञान असतील तर गावच्या अनाथ मुलांच्या मालमत्तेची देखरेख करणाऱ्या कचेरीत घरातल्या वस्तूंची यादी असू शकेल.

मृद्गंध

दीडशे गिल्डरांचं कर्जपत्र आहे! शेवटच्या सफरीपर्यंत फिटलेलं दिसत नाही.

झीलंडची_सून

मग पैसे तिचेच. मृद्गंध, तिच्या दफनाची नोंदही काढ. १६९५ पासून हॉलंडमध्ये दफनावर ऐपतीप्रमाणे कर होता: तीस, पंधरा, सहा, तीन गिल्डर, आणि गरिबांना माफी. नवऱ्याच्या पगारावर जगलेली बाई माफीत असती. ती कुठल्या वर्गात आहे ते इथे कळव.

मृद्गंध

सापडली. सहा गिल्डर.